वडाप बंद झालं ती सुगी

मला सायकल चिमामावशीनं शिकवली. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढच्या सगळ्या बोलण्यात तिचं नाव मागं पडेल. ती कॉलेजचा रस्ता झाडायची. तिला स्वतःला सायकल येत नाही. उभ्या जन्मात ती कधी सीटवर बसली नाही. पण एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातानं माझ्या सायकलचं कॅरिअर धरून ती त्या चढावर माझ्यामागं धावली, दुखऱ्या गुडघ्यांनी, पदर खोचून, तोंडानं शिव्या देत. मी आज जिथं आहे, म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडं डोंगराच्या कुशीतल्या या कॉलेजात, मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये, ती तिच्यामुळं. आणि ती आज जिथं आहे, म्हणजे सुदुंबऱ्याला, मुलाच्या एका खोलीत, दारासमोर कारखान्याची भिंत, ती या रस्त्यामुळं. एकाच रस्त्यानं मला चाकं दिली आणि तिची घरची वाट बंद केली. दरवर्षी भात पिवळं पडायला लागलं की हे दोन्ही मला एकदमच आठवतं. वेगवेगळं करता येत नाही.

आत्ता ते पिवळं पडलंय. सकाळी पाळीला निघते तेव्हा धुई खाली उतरलेली असते, गेटजवळची झाडंसुद्धा नुसती सावल्यांसारखी दिसतात. रस्ता ओला, हँडल गार. पहिल्या वळणावर वरून वारा येतो आणि त्यात इंद्रायणीचा वास असतो, कापायला आलेल्या भाताचा. शिजलेल्या भातासारखाच, पण त्याच्यात थोडी माती, थोडं गवत. हा वास आला की मला आधी माझं गाव आठवायचं. आमच्या गोंदियाकडं शेतात उभं असतं ते धान, ताटात येतं तो भात. इथं नवी आले तेव्हा मावशी म्हणाली, "उद्या सुट्टी घेतलीया, भात कापायचंय." मी विचारलं, "भात कापता कसा जी?" ती खराट्यावर रेलून इतकी हसली, इतकी हसली, की डोळे पुसायला लागले तिला. तेव्हापासून तिनं माझं नाव टाकलं. "ए गोंदिया," असंच म्हणायची. हजेरीला माझं नाव दुसरंच आहे हे तिला अखेरपर्यंत ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

सायकल येत नाही म्हणून शाळा सुटली, असं मी कुणाला सांगत नाही. लोकांना ते खरं वाटत नाही. पण माझ्या बाबतीत तसंच झालं. आमच्या गावात सातवीपर्यंतच वर्ग. पुढची शाळा नाल्यापलीकडच्या गावात. मुली सायकलीनं जायच्या. बाबांनी मलाही एक जुनी घेऊन दिली होती. मी शिकायला म्हणून नाल्याच्या पुलावरून गेले आणि पुलाला कठडाच नव्हता. फार लागलं नाही. पण त्यानंतर सायकल नुसती दिसली तरी माझे तळहात ओले व्हायचे. आई म्हणाली, जाऊ दे, पोरीच्या जातीला कशाला जीव धोक्यात. सायकल भावाकडं गेली आणि मी धानाच्या रोवणीला. पुढं लग्न, पुढं ते मोडणं, पुढं ठेकेदाराच्या गाडीत बसून महाराष्ट्राच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला येणं, हे सगळं कधी कधी मला त्या पुलावरून पडल्यासारखंच वाटतं. अजून पडतेच आहे, असं.

म्हणून त्या दसऱ्यानंतर कॉलेजात गाड्या बंद होणार असं कळलं तेव्हा सगळे खूश झाले आणि मी घाबरले.

खूश का नाही होणार! शनिवार-रविवारी लोणावळ्यात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. चिक्कीच्या दुकानापुढून रस्ता ओलांडायचा तर देवाचं नाव घ्यावं लागतं. तीच गर्दी हळूहळू आमच्या गेटातून आत यायला लागली होती. पालकांच्या गाड्या, मुलांच्या गाड्या, नुसतेच धबधबा शोधत आलेले पाहुणे. अभ्यासिकेच्या खिडकीखाली हॉर्न. मावशी झाडून पुढं जायची, की मागं टायरांनी पुन्हा चिखल. मुलांनीच सभा घेतल्या, भिंतीवर चित्रं काढली आणि शेवटी कॉलेजनं ऐकलं. चारचाकी, दुचाकी, सगळं गेटवर. आत सायकल नाहीतर पाय. फक्त पाहुण्यांसाठी एक बॅटरीची गाडी, ती होस्टेलपर्यंत.

पहिल्या रविवारी एक गृहस्थ मुलीची मोठी बॅग ओढत चढ चढत होते. पांढरी पँट, कपाळावर घाम. गेटवरचे तानाजीभाऊ मागून म्हणाले, "साहेब, बॅटरीवाली येतीया, थांबा." ते म्हणाले, "नको, आमच्या कन्येनंच हा नियम आणलाय, मला भोगू दे." मुलगी हसत होती. त्यांनाही हसू आलं. खरं सांगते, ते दिवस फार छान होते. रस्त्यावर पाखरं उतरायची. पानं पडलेली ऐकू यायची. खालून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज, जो मी इतकी वर्षं इथं राहून कधी ऐकला नव्हता, तो पार मेसच्या मोरीपर्यंत यायला लागला.

फक्त सुपरवायझरनं सांगितलं, "दिवाळीनंतर कामगारांची जीपपण बंद. प्रत्येकाला कॉलेजची सायकल मिळेल. वरच्या मेसला पहाटे पोचायला हवं. येत नाही त्यांनी शिकून घ्या." सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, शिकते जी. आणि भांड्यांमागं जाऊन रडले.

मावशीनं तिथंच गाठलं मला. "काय झालं गं?" सगळं सांगितलं, पुलासकट. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी धरते मागनं. हाय काय त्यात?"

"तुम्हाला कुठं येते सायकल?"

"मला न्हाई येत. मला धरता येतं. म्हशी धरल्यात म्या, सायकल काय घेऊन बसलीस? पन फुकट न्हाई हां. माजं भात कापायला यायचं. सावड."

सावड म्हणजे काय ते तिनंच सांगितलं. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. मजुरी नाही. हातांना हात. आमच्याकडंही पूर्वी असं होतं म्हणे, आजोबांच्या काळात. आता मजूर लावतात. इथं मावशीच्या डोंगरावरच्या वाडीत अजून होतं. मी म्हटलं, "पण मला तर शेत नाही इथं." ती म्हणाली, "मग ही सायकल तुजं शेत."

आणि तसंच झालं. सकाळी ती रस्ता झाडायला यायची, माझी पाळी सुटायची, की गेटापासून पहिल्या वळणापर्यंतचा तो कमी चढाचा तुकडा आमचा. "गोंदिया, फुडं बघ! चाकाकडं काय बघतीस, चाक कुटं पळून जातंय?" मी म्हणायची, "सोडू नका जी, सोडू नका." ती चिडायची, "मावशीला तुमी काय म्हनतीस? मी काय तुजी सासू हाय?" मुलं-मुली बाजूनं झुळुकीसारखी निघून जायची. कुणी हसलं तर मावशी खराटा उगारायची. एक दिवस मी वळणावर पोचले, ब्रेक दाबून पाय टेकले आणि मागं पाहिलं. ती पार मागं, गेटजवळ, खराटा टाकून दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. एवढं अंतर मी एकटीच आले होते. गाड्या असत्या तर हे कधीच घडलं नसतं. हॉर्न वाजला असता आणि मी पुन्हा पुलावरून पडले असते.

मग माझी पाळी. भात कापायला वाडीत जायचं. मावशी रोज संध्याकाळी ज्यानं घरी जायची ते वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी वाडीतल्या एकाची जुनी जीप, कामशेतहून निघायचं, कॉलेजच्या गेटातून आत यायचं, होस्टेलवरून पुढं कुंपण ओलांडून वाडीत. हा रस्ता कॉलेजच्या आधीचा. मावशी सांगायची, "पयलं हितं गाडीवाट व्हती. मी नांदायला आले ती बैलगाडीतनं ह्याच वाटंनं." कॉलेजनं जमीन घेतली, डांबर टाकलं, वाट तीच राहिली. दिवाळीपर्यंत तानाजीभाऊ वडाप सोडत होते. मीही त्यातूनच गेले, भाताच्या रिकाम्या गोण्यांवर बसून, एकीच्या मांडीवरची कोंबडी सांभाळत.

वाडी म्हणजे चढ संपल्यावरचं एक पठार, पलीकडं डोंगराची कड, मध्ये मावशीची खाचरं. एकाखाली एक उतरणारी, पिवळी. विळा हातात घेतला आणि माझ्या हातांना सगळं आठवलं. मूठ कशी धरायची, कुठून कापायचं. मावशी बघत होती. म्हणाली, "येतंय की गं तुला! मग रडतीस कशाला सारकी?" दुपारी बांधावर भाकरी, खेकड्याचा रस्सा, कांदा. कुणी माझं गाव विचारलं, जात कुणीच नाही विचारली. उन्हात पेंढ्या तापल्या होत्या, त्यांचा वास अंगाला लागला होता. घरापासून इतक्या लांब येऊन पहिल्यांदा मला कुणाच्या तरी घरी असल्यासारखं वाटलं. त्या दिवसाचा विचार करते तेव्हा त्याच्यात काहीच दुःखाचं सापडत नाही. म्हणूनच बहुतेक तो आठवला की छातीत दुखतं.

दिवाळीची सुट्टी संपली, गेटवर लोखंडी आडवी दांडी बसली आणि पहिल्याच दिवशी वडाप अडवलं.

मी तेव्हा तिथंच होते, सायकल धरून. मावशी जीपमध्ये पुढं बसलेली, कामशेतला डॉक्टरला गुडघा दाखवून आलेली. तानाजीभाऊ खालच्या गावचे, मावशीला लहानपणापासून ओळखणारे. ते जीपपाशी आले आणि खाली बघूनच बोलले, "मावशे, गाडी आत न्हाई सोडता येत आता. आर्डर हाय."

मावशीला ती गंमत वाटली. "ही काय गाडी हाय का? वडाप हाय हे."

"चार चाकं हायेत, मावशे."

"तान्या, तुजी आय ह्याच वाटंनं माज्या घरी ताक न्यायला यायची."

"ठावं हाय मला. माज्या हातात काय हाय?"

हळूहळू जीपमधल्या सगळ्यांच्या ध्यानात यायला लागलं आणि ते सगळ्यात वाईट होतं. कारण नियम करायच्या आधी कॉलेजची माणसं वाडीत आली होती. देवळापुढं सतरंजीवर बसून त्यांनी समजावून सांगितलं होतं: परिसरात गाड्या बंद करतोय, धूर नको, आवाज नको, तुमची हरकत आहे का? वाडीनं हात वर करून होकार दिला होता. मावशीनंही. ती मला नंतर म्हणाली, "आमाला वाटलं सायबांच्या गाड्या. आमच्यात कुटं कुनाकडं गाडी हाय? बरं झालं म्हटलं, पोरं तरी सुकानं शिकत्याल." वडापला वाडीत कुणी कधी गाडी म्हटलंच नव्हतं. गाडी म्हणजे काचा वर करून जाणारी, आतलं माणूस न दिसणारी. वडाप म्हणजे वडाप. कोंबडी, गोण्या, बाळंतीण, सगळं पोटात घेणारं.

वाडीतली चार माणसं मोठ्या सरांना भेटून आली. सरांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. पुस्तकातला वाटावा असा सज्जन आहे, स्वतः सायकलवर येतो. म्हणाले, एका जीपला सोडलं तर उद्या बाकीच्यांना काय सांगू? रुग्णवाहिका कधीही जाईल, तिला कुणी अडवणार नाही. आणि डोंगरामागून वाडीला दुसरी वाट आहेच. शिवाय तुम्हीच तर हो म्हणाला होतात. दुसरी वाट खरंच आहे. दगडगोट्यांची, ओढा ओलांडून, तिच्यावर जीप चढत नाही. मावशी ऐकून म्हणाली, "आजारी पडलं तर गाडी. बरं असलं तर न्हाई. मंग मी काय रोज आजारी पडू व्हय, घरी जायला?"

सगळे हसले. तीही हसली. पण त्या संध्याकाळी ती चालत चढली. मी माझी सायकल ढकलत तिच्याबरोबर होस्टेलपर्यंत गेले. ती दर झाडाला टेकत होती. म्हणाली, "तू जा बसून. शिकलीस ना?" मी बसले नाही.

मळणी झाली, भात पोत्यांत भरलं. आता ते खाली गिरणीवर न्यायचं कसं? मेसमध्ये जेवता जेवता मुलींच्या कानावर गेलं. परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या त्यांच्या. सकाळी बघते तर सायकलींची रांग वाडीत. अर्धी अर्धी पोती कॅरिअरला बांधून मुली उतारावरून खाली निघाल्या, ब्रेक करकचून, हसत, किंचाळत. मीही होते. गेटवर तानाजीभाऊंनी दांडी वर केली आणि खोटाच दरडावणीचा आवाज काढला, "ही मालवाहतूक झाली का काय?" मावशी म्हणाली, "सायकलच हाय न्हवं का? बसतीया की तुज्या आर्डरीत." आणि कुणीतरी तिचा फोटो काढला. पोत्यांच्या, सायकलींच्या मधोमध ती तोंड उघडून हसतेय.

तो फोटो अजून कॉलेजच्या मुख्य इमारतीत लावलेला आहे, मोठा करून. खाली लिहिलंय, हरित परिसर, आनंदी परिसर. मी पाणी द्यायला तिकडं गेले की त्याच्यासमोर थांबते. फोटोतलं सगळं खरं आहे. पण पोती एकदाच उतरवायची असतात. माणसाला रोज चढायचं असतं.

थंडी वाढली तसा मावशीचा गुडघा सुजायला लागला. आधी कामावर खाडे, मग काम सुटलं. वाडीत एकटी पडून राहायची. भाजी, गोळी, काहीही आणायचं तर कुणाची तरी वाट बघायची. मी सुट्टीला जाऊन यायची, पण सुट्ट्या त्या किती! सुदुंबऱ्याहून मुलगा आला. तो तिकडं एका कारखान्यात आहे, समजूतदार पोरगा. म्हणाला, "आये, चल. हितं तुला कोन बघनार?" ती नाही म्हणाली नाही. खाचरं पुतण्याला लावून दिली. जायच्या दिवशी ती पायानंच उतरली, उगीच आजाराचं नाव करून रुग्णवाहिका बोलवायला तयार होईना. मी हात धरला होता. पहिल्या वळणावर, जिथं मी पहिल्यांदा एकटी पोचले होते, तिथं ती थांबली, रस्त्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कचरा साचलाय बग. कोन झाडतं आता?"

मला हा रस्ता आवडतो, हे मी कुणाला सांगू? पहाटे मी एकटी त्याच्यावरून जाते, घाबरत नाही, आणि स्वतःलाच विचारते, तुला आवडायचा काय हक्क आहे? गाड्या पुन्हा सुरू करा असं मला म्हणवत नाही; हॉर्न नकोत, धूर नको, मुलींना असा मोकळा रस्ता मिळालाच पाहिजे, मला तो वेळेवर मिळाला असता तर शाळा सुटली नसती. आणि वडाप सोडलं असतं तर काय बिघडलं असतं, हेही कळत नाही. दिवसातून दोनदा एक जुनी जीप. एवढ्यानं पाखरं उडून गेली असती का? मी कमी शिकलेली बाई. सरांना हे बोलून दाखवलं एकदा, मेसमध्ये जेवायला आले होते तेव्हा. ते घास थांबवून ऐकत राहिले. म्हणाले, पुढच्या बैठकीत घेतो हा विषय. अशा बैठका झाल्या असतील. दांडी तशीच आहे.

मागच्या आठवड्यात सुदुंबऱ्याला जाऊन आले. मावशी दारात खुर्चीवर, पाय स्टुलावर. सुनेनं चहा केला. मावशीनं माझा तळहात उलटा करून पाहिला, हँडलचे घट्टे पडलेत तिथं बोट फिरवलं.

"पडतीस का अजून?"

"नाही गं मावशी."

"लय जोरात नको मारू." मग भिंतीकडं बघत म्हणाली, "भात कसं हाय औंदा?"

"पिवळं झालंय. वास सुटलाय पार गेटपर्यंत."

"माज्या वरच्या खाचरातलं?"

मेसच्या पुढं मी गेलेच नव्हते या वर्षी. तिचा चेहरा असा झाला की मी चहा तसाच ठेवला. मग तिनंच विषय बदलला, इथल्या तांदळाला वास नाही, नळाला पाणी कधी येतं, शेजारीण कशी भांडते. निघताना म्हणाली, "एकदा बगायचं व्हतं गं. कापायच्या आत. आता कुटलं जमतंय?"

आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी वर गेले. वरचं खाचर पिवळं आहे, मावशी. एका कोपऱ्यात थोडं आडवं पडलंय, पण दाणा भरलाय.

आणि ऐक. खालच्या कोठारातून वरच्या मेसला बटाट्याचं पोतं न्यायचं असतं, ते हल्ली मी मागून घेते, कॅरिअरला बांधून. पहिल्या वळणापर्यंत आता उतरावं लागत नाही. त्याच्या पुढं पोटऱ्या भरून येतात, मग ढकलते. औंदा नाही जमणार. कदाचित पुढच्या सुगीलाही नाही. पण तुझं वजन त्या पोत्याहून फार नसेल आता, आणि दांडीखालून जायला सायकलला कुणी अडवत नाही. एक दिवस मी सुदुंबऱ्याहून तुला गेटपर्यंत आणीन, कॅरिअरवर उशी बांधीन, आणि जमेल तिथवर चालवत, नाही जमलं तिथून ढकलत, तुला चढ संपेपर्यंत नेईन. भात उभं असताना.